आईच्या फोनवरचे अपडेट : घ्यावे की थांबावे

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आईच्या फोनवर अँड्रॉइड १६ चे अपडेट आल्याची सूचना दिसू लागली. संध्याकाळी मी कामावरून घरी आलो तेव्हा ती चष्मा लावून तो मजकूर वाचत बसली होती. ‘अरे, हे रोज विचारतंय. दाबू का?’ असे तिने विचारले आणि मी जवळजवळ ओरडूनच तिला थांबवले. माझ्या स्वतःच्या फोनवर असे अपडेट आले तर जेवायला बसताना मी ते चालू करतो आणि हात धुऊन होईपर्यंत विसरूनही जातो. आईच्या फोनची गोष्ट निराळी आहे. त्या एका बटणाचा निर्णय घ्यायला मला पाच आठवडे लागले. आईच्या दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर त्या फोनवरूनच इशारा देतो. ज्यांच्या घरी असा सेन्सर लावलेले कोणी आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सगळे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही पंचवटीत राहतो. आईचे वय ७३ असून गेली २२ वर्षे ती इन्सुलिन घेते. इतक्या वर्षांनंतर तिला शुगर कमी झाल्याचे वेळेवर कळेनासे झाले आहे. पूर्वी हातपाय थरथरत, छातीत धडधडे, आता यातले काहीच न होता ती थेट गोंधळल्यासारखी बोलू लागते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावरून मागच्या वर्षीपासून तिच्या दंडावर सेन्सर लावतो. तो त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो, आकडा ब्लूटूथने फोनवर पाठवतो आणि आकडा ७० च्या खाली गेला की फोन मोठ्याने वाजतो. एक सेन्सर १४ दिवस चालतो. रात्री फोन आईच्या उशाशी असतो, मी वरच्या खोलीत असतो, आणि पुण्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या फोनवरही तेच आकडे दिसतात.

जुलैमधल्या एका पहाटे मी सव्वापाचला पहिल्या पाळीसाठी उठून खाली आलो, तर देवघरातला दिवा लागलेला नव्हता. आई माझ्या आधी उठत नाही, असे सहसा होत नाही. तिच्या खोलीत गेलो. उशीचा अभ्रा घामाने ओला झाला होता आणि ती डोळे उघडे ठेवून, पण माझ्याकडे न बघता, ‘गाडी गेली का?’ असे विचारत होती. ग्लुकोमीटरने बोटातले रक्त तपासले तेव्हा आकडा ४८ आला. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मी तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ७९ झाले होते आणि ती मला नावाने हाक मारत होती. मग माझे लक्ष फोनकडे गेले. तो रात्रीतून रीस्टार्ट झाला होता आणि पिन मागत होता. पिन टाकताच अ‍ॅप जागे झाले आणि सेन्सरने स्वतःकडे साठवून ठेवलेल्या नोंदी त्यात भरल्या. आलेखाची रेघ ३ वाजून २० मिनिटांनी ७० च्या खाली उतरलेली होती. जवळपास दोन तास सेन्सर आपले काम चोख करत होता, पण त्याचे ऐकणारा फोन झोपलेला होता.

हे का घडले, ते शोधून काढायला मला काही दिवस लागले. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून फोनमधली माहिती अशा रीतीने कुलूपबंद असते की रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बहुतेक अ‍ॅप्स सुरूच होत नाहीत. घड्याळाचा गजर वाजतो, आलेला कॉल घेता येतो, अशा मोजक्या गोष्टी तेवढ्या चालतात. चोरीला गेलेल्या फोनमधली माहिती सुरक्षित राहावी म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. मात्र आमच्या फोनमध्ये ‘रात्री आपोआप अपडेट करा’ हा पर्याय चालू होता. त्यामुळे महिन्याचे एक साधे सुरक्षा अपडेट पावणेतीनच्या सुमारास बसले, फोन रीस्टार्ट झाला आणि पिन टाकायला कोणीही जागे नव्हते. पिनच काढून टाकावा असेही एकदा मनात आले. पण त्याच फोनवर आईच्या पेन्शनच्या खात्याला जोडलेले यूपीआय आहे, त्यामुळे तो विचार मी सोडून दिला. रात्रीचा पर्याय मात्र त्याच दिवशी बंद केला.

त्यामुळे नोव्हेंबरमध्ये अख्खी नवी आवृत्ती समोर आली, तेव्हा मी जपूनच होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नेमक्या याच विषयावर सूचना काढलेली आहे, हे मला वाचताना आढळले. मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे फोनवर वेळेवर न वाजल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी सांगितलेल्या कारणांमध्ये फोनच्या प्रणालीचे अपडेट हे एक ठळक कारण होते. आपोआप होणारी अपडेट बंद ठेवावीत, नव्या आवृत्तीवर आपले अ‍ॅप चालते असे उपकरणाच्या कंपनीने सांगितल्याखेरीज ती घेऊ नये, आणि घेतल्यावर इशाऱ्यांची प्रत्येक सेटिंग पुन्हा तपासावी, असा तो सल्ला आहे. जुलैच्या आधी हे माझ्या वाचनात यायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

सेन्सरच्या कंपनीच्या यादीत आमच्या फोनचे मॉडेल होते, पण त्यापुढे आवृत्ती १५ पर्यंतच लिहिलेले होते. मदतवाहिनीवर फोन केला तर पहिल्या व्यक्तीने ‘करा सर, काही होत नाही’ असे सांगितले. तुमच्या यादीत १६ नाही, असे म्हटल्यावर त्यांनी फोन दुसऱ्याकडे दिला आणि तिथून ‘आमची तपासणी चालू आहे, तोपर्यंत थांबा’ असे उत्तर मिळाले. एकाच कार्यालयातून पाच मिनिटांच्या अंतराने दोन विरुद्ध उत्तरे यावीत, याचा मला राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. ज्या उत्तरावर एखाद्याची रात्र अवलंबून आहे, ते अंदाजाने देऊ नये.

दरम्यान एका चार्जरसाठी एम. जी. रोडवर गेलो असता तिथल्या दुकानातल्या मुलालाही मी विचारले. ‘काका, बिनधास्त टाका, मी रोज दहा फोनला टाकतो,’ असे तो म्हणाला. त्याचा अनुभव खरा आहे, पण अपडेटनंतर तो कॉल, कॅमेरा आणि नेट पाहतो. पहाटे तीन वाजता कुलूपबंद पडद्यावर इशारा वाजतो का, हे पाहण्याची त्याला कधी गरज पडलेली नाही.

तरीही थांबणे फुकट नव्हते, आणि माझी खरी ओढाताण इथेच झाली. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे उपाय ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला प्रसिद्ध होतात, आणि एकदा ते प्रसिद्ध झाले की त्या त्रुटी फसवणूक करणाऱ्यांनाही कळलेल्या असतात. आईच्या फोनवरची सुरक्षेची तारीख ऑगस्टची होती आणि अपडेटच्या पानावर आवृत्ती १६ सोडून दुसरे काहीच दिसत नव्हते, म्हणजे मधल्या महिन्यांचे उपाय हवे असतील तर नवी आवृत्ती घेणे भाग होते. बहीण फोनवर दर वेळी हेच सांगायची. ‘दादा, आईच्या फोनवर पैसे आहेत. तू किती दिवस थांबवणार?’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. बाजार समितीच्या पावतीच्या नावाखाली आलेली एक फाइल उघडल्याने आमच्या ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या खात्यातले पैसे गेले, ही गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात होती. मी तोडगा म्हणून आईच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी केली आणि बहुतेक रक्कम त्या खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवली. हे तात्पुरते आहे, हे मला माहीत होते.

आजकाल अनेक फोनमध्ये नवी आवृत्ती वेगळ्या कप्प्यात उतरवली जाते आणि ती सुरू झाली नाही तर फोन आपोआप जुन्या आवृत्तीवर परत येतो, त्यामुळे फोन कायमचा बंद पडण्याची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण मला ती भीती नव्हतीच. फोन व्यवस्थित सुरू व्हावा, सगळे ठीक दिसावे आणि फक्त इशारा मुका व्हावा, ही माझी भीती होती. तसे झाले तर मागे फिरायचा रस्ता जवळजवळ नसतो, कारण जुन्या आवृत्तीवर जाण्यासाठी फोनमधले सगळे पुसावे लागते. आणि आमच्या सेन्सरच्या पुस्तिकेप्रमाणे अ‍ॅप पुसले की त्याला जोडलेला चालू सेन्सर वाया जातो.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. मशीनची सेटिंग बदलली की पहिला नग मोजून ‘फर्स्ट पीस ओके’ झाल्याशिवाय आम्ही पुढचा लॉट चालवत नाही. त्याच सवयीने मी आधी माझा फोन अपडेट केला, कारण तो आईच्या फोनच्याच कंपनीचा आहे. सेन्सरशिवाय त्या अ‍ॅपची परीक्षा घेता येत नव्हती, पण नव्या आवृत्तीत बॅटरी, सूचना आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ (म्हणजे फोनचे आवाज बंद ठेवणारी सोय) यांची पाने कुठे गेली आहेत, ते मला पाठ झाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेन्सरच्या कंपनीच्या यादीत आमच्या मॉडेलपुढे १६ लागले. तरी त्या दिवशी मी अपडेट केले नाही. चालू सेन्सर १३ डिसेंबरला, शनिवारी सकाळी आठ वाजता संपणार होता आणि शनिवारी मला सुट्टी असते. जुना सेन्सर संपल्यावर आणि नवा लावण्यापूर्वी अपडेट केले तर काही बिघडले तरी सेन्सर वाया जाणार नाही, दिवसाउजेडी सगळे जागे असतील आणि मधल्या वेळेत बोट टोचून तपासता येईल, असा हिशेब मी केला. डॉक्टरांना विचारले तेव्हा तेही म्हणाले, ‘चालेल, फक्त दर तासाला ग्लुकोमीटरने बघा.’

त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. फोन चार्जिंगला लावून आधी बॅकअप घेतला, सव्वाआठला अपडेट सुरू केले आणि नऊच्या आत फोन पुन्हा चालू झाला. पिन टाकला. आईने पोहे खाल्ले, मी तिच्या दुसऱ्या दंडावर नवा सेन्सर लावला आणि तो तयार व्हायला लागणारा एक तास आम्ही वाट पाहिली. त्या तासात अ‍ॅपच्या परवानग्या एकेक करून पाहिल्या. जवळपासच्या उपकरणांची परवानगी होती, सूचनांची होती. पण बॅटरीच्या पानावर जिथे मी ‘अनिर्बंध’ ठेवले होते, तिथे आता ‘ऑप्टिमाइझ्ड’ दिसत होते. म्हणजे पडदा बंद असताना फोनने त्या अ‍ॅपला कधीही झोपवले असते. ते बदलले.

पहिला आकडा १६२ आला. शुगर कमी होण्याची वाट पाहत बसणे शक्य नव्हते, म्हणून मी वरच्या मर्यादेचा इशारा १२० वर आणून ठेवला. काही क्षणांतच फोन मोठ्याने वाजला आणि आई म्हणाली, ‘झालं की मग.’ मला मात्र रात्रीची स्थिती हवी होती. मी हाताने ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू केले, पडदा बंद केला आणि इशारा पुन्हा लावून वाट पाहिली. पडद्यावर सूचना उमटली, पण आवाज आला नाही. मी तो फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. या एका गोष्टीसाठी पाच आठवडे थांबलो होतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ ओलांडण्याची या अ‍ॅपला दिलेली मुभा अपडेटमध्ये निघून गेली होती. ती पुन्हा दिली, पुन्हा तीच परीक्षा घेतली आणि या वेळी फोन असा वाजला की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. नंतर दोन तास फोनला कोणीही हात लावायचा नाही असे ठरवले; पुण्याहून बहीण आकडे पाहत होती आणि ते न थांबता येत असल्याचे ती मेसेजने कळवत होती. शेवटी वरची मर्यादा पूर्ववत केली.

थंडीत आई गोधडी डोक्यावरून ओढते आणि फोन तिच्याखाली जातो, हेही त्या दिवशी लक्षात आले. आता तो रात्री उशाशेजारच्या स्टुलावर, स्टीलच्या ताटलीत ठेवतो. ताटलीमुळे आवाज दुप्पट वाटतो.

२३ डिसेंबरच्या रात्री पावणेतीन वाजता तो वाजला. आकडा ६८ होता. मी जिना उतरून पोहोचलो तेव्हा आई अंथरुणावर बसलेली होती आणि साखरेचा डबा तिने स्वतःच उघडला होता. जानेवारीत महिन्याच्या सुरक्षा अपडेटची सूचना आली, तेव्हा तिने ती मला लगेच दाखवली आणि म्हणाली, ‘दहा तारखेला सेन्सर बदलायचाय ना, शनिवारी? तेव्हाच कर.’