बरणी कपाटातच होती

धाकट्या भावाचं आतडं कापून अकरा दिवस झाले होते आणि त्या तुकड्याचा रिपोर्ट काही हाती येईना.

ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. दोन घास खाल्ले की म्हणायचा, "जिभाऊ, पोटमा दुखस." आम्ही अमळनेरला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो. धुळ्याला सीटी अँजिओग्राफीत आतड्याच्या रक्तवाहिन्या कुठे अरुंद, कुठे फुगलेल्या दिसल्या. त्याच रात्री आतडं फुटलं. सर्जननी काळा पडलेला दोन फूट भाग काढला, पण टोकं जोडली नाहीत, पोटावर बाहेर काढली. वाहिन्यांची सूज तशीच आणि वर स्टिरॉइड, अशात टाका धरत नाही, हे त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. उरलेलं आतडं जिवंत आहे ना, ते दोन दिवसांनी पोट उघडून पुन्हा पाहिलं.

संशय पॉलीआर्टरायटिस नोडोसाचा, म्हणजे रक्तवाहिन्या सुजण्याच्या आजाराचा. स्टिरॉइड लगेच सुरू झालं. सायक्लोफॉस्फमाइड मात्र प्रतिकारशक्ती पाडणारं, ते बायोप्सी, म्हणजे त्या तुकड्याचा रिपोर्ट, पाहूनच देणार. मग मी रोज सकाळी लॅबच्या खिडकीशी. "आला नाही भाऊ, उद्या या." चौथ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. मान वर करूनही कुणी बघेना. तिकडे भावाला पुन्हा ताप.

बाराव्या दिवशी मी रिपोर्ट मागितलाच नाही. नमुना कोणत्या तारखेला नोंदला, एवढंच विचारलं. रजिस्टर उघडलं, नावच नाही! बरणी कपाटात होती. फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) करडा पडलेला तुकडा, झाकणावर चिकटपट्टी. पावती जोडलेली नाही म्हणून नोंद केली नव्हती. पावती वॉर्डच्या फाइलीत होती, पैसे मी पहिल्याच दिवशी भरले होते. अकरा दिवसांत एकानेही सांगितलं नाही. अजून आठवलं की अंग तापतं.

नोंदीनंतर चार दिवसांत रिपोर्ट: रक्तवाहिनीच्या भिंतीतच सूज. दुसऱ्या दिवशी सलाइनमधून सायक्लोफॉस्फमाइडचा पहिला डोस.

बरणी देताना नोंदीचा नंबर घ्याच. फॉर्मवर नुसतं 'गँगरीन' नको, 'रक्तवाहिन्यांच्या सुजेचा संशय' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. हो, हिपॅटायटिस बीची तपासणी आधीच करा. तो निघाला तर उपचारच बदलतात. पोटावर काढलेल्या टोकाला मल गोळा करायला लावलेली पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. उन्हाळ्यात तिच्यातून पाणी आणि मीठ फार जातं, डॉक्टरांना विचारून ओआरएस जवळ ठेवा. जनआरोग्य योजनेची मंजुरी तातडीच्या केसमध्ये फोनवरही मिळते, आमची त्याच रात्री मिळाली.

टोकं जोडायची तारीख आता पुढच्या महिन्यातली आहे. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मी लॅबमधून सही करून घरी आणून ठेवलेत.