भांडं चाटून परत ओरडणारं मांजर

नालीतून उचललेलं, गल्लीतून आलेलं किंवा प्राणीमित्रांकडून दत्तक घेतलेलं मांजर पहिल्या आठवड्यात एकच काम करतं. खातं, भांडं चाटतं आणि ओट्याखाली उभं राहून परत ओरडतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बिचारं उपाशी आहे, घाला अजून. दुसरा म्हणतो, वखवखलेलं आहे, सवय लागेल. दोघंही अंदाजानं बोलत असतात, कारण मांजराच्या ओरडण्यावरून त्याची भूक मोजता येत नाही. ती वजनावरून आणि शीवरून मोजावी लागते.

म्हणून खाद्याच्या आधी काट्याची सोय करा. किचनचा डिजिटल काटा 5 किंवा 10 किलोपर्यंतचा मिळतो. त्यावर टोपली ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि मांजर टोपलीत बसवायचं. माणसाचं वजन करायच्या काट्यावर मांजर घेऊन उभं राहून वजाबाकीही करता येते, पण तो काटा 100 ग्रॅमची चूक सहज करतो, त्यामुळे पिल्लांसाठी निरुपयोगी. आठवड्यातून एकदा, एकाच वाराला, सकाळी खायला घालण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. हाडकुळ्या मोठ्या मांजरानं आठवड्याला 50 ते 100 ग्रॅम धरले तर गाडी रुळावर आहे. पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढायला हवं.

आता किती घालायचं ते. नसबंदी झालेल्या 3 किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण 190 कॅलरी लागतात, 4 किलोच्याला 240 च्या आसपास. कोरड्या दाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये बहुतेक 350 ते 400 कॅलरी असतात. म्हणजे 3 किलोच्या मांजराला दिवसभरात 50 ग्रॅम दाणे पुरतात. वाटीचा भरवसा धरू नका. एका कंपनीचे दाणे जड, दुसरीचे फुगीर, त्याच वाटीत पाव हिस्सा इकडचा तिकडे होतो. सकाळी दिवसभराचे दाणे एकदाच मोजून डब्यात काढायचे आणि त्यातूनच वाढायचं. मग घरातल्या चार जणांनी चार वेळा घातलं तरी हिशेब चुकत नाही.

ओल्या पाकिटांच्या बाबतीत मोठी फसगत होते. 85 ग्रॅमच्या ग्रेव्हीच्या पाकिटात बहुतेकदा 70 च्या आसपासच कॅलरी असतात, बाकी पाणी. दिवसाला एक पाकीट घालून "एवढं महागाचं खातं तरी ओरडतं" म्हणणाऱ्या घरातलं मांजर खरोखरच उपाशी असतं. नुसत्या पाकिटांवर 3 किलोचं मांजर ठेवायचं तर अडीच-तीन पाकिटं लागतील. एक पाकीट आणि 30 ते 32 ग्रॅम दाणे हा परवडणारा मेळ. पाकिटावर ते संपूर्ण आहार असल्याचं, म्हणजे "कम्प्लीट" असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. नळीतून चाटवायचे क्रीमचे प्रकार खाऊ आहेत, जेवण नव्हे.

पिल्लाचं गणित वेगळं. 1 किलोच्या वाढत्या पिल्लाला 175 कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ 3 किलोच्या मोठ्या मांजराइतक्या. ते सारखं खातंय म्हणून त्याला हावरट ठरवू नका. वर्षाचं होईपर्यंत पिल्लांचेच दाणे, चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार ते पाच वेळा, आणि पोट ढोलासारखं ताणलेलं नसेल तर त्याला हवं तेवढं.

आपल्याकडचा खरा घोळ भाकर-दुधाचा आहे. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून घातली की मांजर खातं, पोट टम्म होतं आणि तासाभरात परत पायात घोटाळतं. कारण पोट भरलेलं असतं, पण गरज भागलेली नसते. माणसाच्या शरीरात प्रथिनं कमी पडली की शरीर ती जपून वापरतं. मांजराच्या यकृताला ही काटकसर जमत नाही, ते प्रथिनं जाळतच राहतं. वरून टॉरिन नावाचा घटक त्याला स्वतःला पुरेसा बनवता येत नाही आणि तो धान्यात नसतो, मांसात असतो. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय पसरट आणि कमजोर होतं, हे 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. डोळ्याचा पडदाही खराब होतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. कुत्र्याच्या दाण्यांवर मांजर पोसू नका, त्याचं कारणही हेच. दुधाची अडचण निराळी. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हशीचं घट्ट दूध तर नाहीच. पातळ शी होते, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि भूक परत उभी.

माळकरी घरात मांस शिजणार नाही हे उघड आहे. तिथं मांजरासाठी तयार दाणे आणणं हाच सरळ मार्ग. त्यात मांस असतंच, पण चुलीवर काही चढवावं लागत नाही. भाकर-दुधावर मांजर जगतं असं सांगणाऱ्या आजी खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळचं मांजर धान्याच्या पोत्यांमागचे उंदीर खाऊन उरलेली भूक दुधावर भागवत होतं. फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून आणायचे?

घरचं घालायचं तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. 100 ग्रॅममध्ये 160 च्या आसपास कॅलरी. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका, त्यातच तुकडे कालवून द्या. दुकानात कलेजीबरोबर कोंबडीची हृदयं मिळतात, त्यात टॉरिन भरपूर, तीही उकडून घालता येतात. कलेजी मात्र आठवड्यातून एखाददुसरा छोटा तुकडा, त्याहून जास्त नको, कारण तिच्यातलं जीवनसत्त्व अ शरीरात साठून हाडं आखडतात. पण नुसत्या चिकनवर महिनोन्‌महिने ठेवायचं नाही. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं, त्यामुळे शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढायला लागतं. असं पोसलेलं पिल्लू उडी मारल्यावर लंगडतं आणि घरचे समजतात पाय मुरगळला. घरचं चिकन रोजच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापर्यंत, बाकी तयार खाद्य, एवढं पाळलं तर वेगळा हिशेब करावा लागत नाही. उकडलेलं अंडं चालतं, एका अंड्यात 70 ते 75 कॅलरी. जायकवाडीची किंवा इतर तलावाची मासळी उकडून आणि काटे काढून, तीही अधूनमधूनच.

रविवारच्या रश्शातला तुकडा धुऊन घालायची पद्धत सोडा. कांदा-लसूण मांसात मुरलेला असतो, आणि त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुटतं. भुकेलेलं मांजर कचऱ्याच्या डब्यातूनही ते काढतं, तेव्हा झाकणाचा डबा घ्या आणि रविवारी रात्रीच बाहेर न्या.

हे सगळं बरोबर असून वजन हलत नसेल तर जंत धरून चाला. रस्त्यावरच्या पिल्लाला आईच्या दुधातूनच गोलजंत मिळतात. मोठ्याला उंदीर, पाली आणि पिसवांतून. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या नाहीतर काकडीच्या बीसारखे दाणे दिसले तर ते पट्टीजंताचे तुकडे. फुगलेलं पोट आणि वर दिसणारा कणा ही पिल्लातली ठळक खूण. पायरँटेल गोलजंतावर चालतं, पट्टीजंतावर नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. एका डोसात काम संपत नाही, कारण औषध आतड्यातले मोठे जंत मारतं, अंगात फिरणाऱ्या अळ्या वाचतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा आणि पिसवांचा बंदोबस्त सोबतच करायचा, नाहीतर पट्टीजंत महिन्याभरात परत. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून दवाखान्यात जाताना काट्यावरचा आकडा घेऊन जा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या असतात, तिथं "मांजर आहे, इतक्या किलोचं आहे" हे पहिल्या वाक्यात सांगितलेलं बरं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर किचकट केस तिकडे न्या. जंताचं औषध देऊनही शी पातळ आणि घाणेरड्या वासाची राहिली तर सकाळची ताजी शी छोट्या डबीत घालून तपासायला द्या. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी नेहमीच्या जंताच्या गोळीनं जात नाहीत.

अगदी सांगाडा झालेलं, चार-पाच दिवस काहीच न मिळालेलं मांजर आलं तर मात्र उलटं वागायचं: हात आखडता ठेवायचा. एकदम पोटभर घातलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं आणि खाऊन-पिऊन मांजर तिसऱ्या दिवशी कोसळतं. 2 किलोच्या अशा मांजराला पहिल्या दिवशी 30 कॅलरी पुरे, म्हणजे 20 ग्रॅम उकडलेलं चिकन, तेही पाच-सहा वेळा मिळून. दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट, चौथ्या-पाचव्या दिवशी 120. डोळ्यांत तेल घालून बघायचे दिवस आहेत हे. मान खाली पडली, पाय लटपटले तर घरी थांबू नका. अशी केस पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलेली चांगली.

वजन वाढतंय, शी बांधीव आहे, जंत गेलेत, तरी ओरडणं आहे. आता ही डोक्यातली भूक. भांडं उद्या भरेल याची त्याला खात्री नाही, म्हणून ते दिसेल ते गिळतं. गिळल्यावर पाच मिनिटांत अख्खे दाणे नळीच्या आकारात बाहेर आले तर तो आजार नाही, घाई आहे. ओलं खाद्य इडलीच्या प्लेटमधल्या खळ्यांत थोडं थोडं लावून द्या. दाणे अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पसरा, पंजानं काढून खाताना वेग आपोआप निम्मा होतो. बाजारातल्या खास भांड्यांपेक्षा हे दोन्ही सरस, असं माझं मत. पण खाल्ल्यावर तासांनी उलटी, किंवा दिवसातून अनेकदा उलटी, ही घाई नव्हे. तिथं दवाखाना.

तेवढंच खाद्य पाच वेळा विभागा आणि वेळा पाळा: 6, 11, 4, 8 आणि झोपताना. झोपतानाचा वाटा सगळ्यांत मोठा ठेवा, म्हणजे पहाटे चारला दारावर धडका बसत नाहीत. ओरडल्यावर घालायचं नाही, घड्याळावर घालायचं. इथं घरातले आजोबा नियम मोडतात. त्यांना रागावून उपयोग नाही, त्याच डब्यातले दहा दाणे त्यांच्या हाती द्या. खाताना भांड्याला हात लावू नका, लेकरांनाही लावू देऊ नका. दुसरं मांजर असेल तर वेगळ्या खोलीत, दार लावून. ही धास्ती कधी दोन आठवड्यांत उतरते, कधी दोन-तीन महिने घेते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ओलं खाद्य अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रिजमधलं थंड खाद्य गरम पाण्याच्या दोन चमच्यांनी कोमट करा, वास उठतो आणि मांजर चवीनं खातं. मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्यानं भरलेलं पसरट ताट ठेवा. मुंग्यांचा खडू भांड्याभोवती ओढू नका, त्यातलं कीटकनाशक पंजावाटे तोंडात जातं. पाणी दोन-तीन जागी, खाद्यापासून लांब. कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराला किलोमागे दिवसाला साधारण 50 मिली पाणी लागतं.

आठ-दहा वर्षांच्या पुढचं मांजर भरपूर खाऊन वाळत असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी. पाणी आणि लघवी दोन्ही वाढली असेल तर साखर. खाजेसाठी स्टिरॉइड चालू असेल तर भूक त्या गोळीची असू शकते. आणि भाटी अचानक दुप्पट खायला लागली, स्तनाग्रं गुलाबी झाली, तर ती गाभण आहे. गाभणपण 63 ते 65 दिवसांचं, आणि पिल्लांना पाजताना तिला नेहमीच्या दोन-तीन पट लागतं, तिला पिल्लांचेच दाणे मोकळे ठेवा.

नसबंदीनंतर हिशेब परत फिरवावा लागतो. शरीराची गरज पाव-एक हिश्शानं कमी होते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे ऑपरेशनआधीचं माप तसंच चालू ठेवलं की दोन-तीन महिन्यांत पोट लोंबायला लागतं. टाके सुकले की माप हळूहळू पाव हिश्शानं उतरवा. हात बरगड्यांवरून फिरवून बघत राहा. तळहात पालथा धरल्यावर मागच्या बाजूची हाडं जशी बोटाला लागतात, तशा बरगड्या लागल्या की माप बरोबर. मुठीच्या टेंगळांसारख्या टोचल्या तर 5 ग्रॅम दाणे वाढवा आणि पुढच्या रविवारी परत काट्यावर बसवा.