साचा खात्याचा आवाज

8 जुलै, रात्र

इचलकरंजीहून परत येऊन चार दिवस झाले, तरी मागांची खटखट डोक्यातून गेलेली नाही. हाती असलेल्या चित्रपटात 1981 सालच्या मुंबईतल्या कापड गिरणीचे एक दृश्य आहे, आणि त्या गिरणीच्या साचा खात्याचा, म्हणजे विणकाम खात्याचा आवाज मला उभा करायचा आहे; गिरणीत मागाला साचा म्हणत. लालबाग-परळमध्ये तो आवाज आता उरलेला नाही. इचलकरंजीत मात्र पहिला यंत्रमाग 1904 साली लागला, आणि आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचे जुने माग तिथल्या काही शेडमध्ये अजून चालतात, म्हणून तिथे जाऊन दोन दिवस आणि एक रात्र ध्वनिमुद्रण केले. पत्र्याच्या छपराखाली चोवीस माग होते. कोणतेही दोन माग अगदी एका गतीने चालत नाहीत, त्यामुळे मालकांना विनंती करून जेवणाच्या सुट्टीत एकेक माग वेगळा चालवून घेतला. जवळून, लांबून, दाराबाहेरून, पलीकडच्या गल्लीतून असा प्रत्येक अंतरावरचा आवाज घेतला. शेवटी मागाच्या लोखंडी सांगाड्यालाच कॉन्टॅक्ट मायक्रोफोन चिकटवला. हा मायक्रोफोन हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, धातूतून जाणारी कंपने तेवढी घेतो.

माग जवळून ऐकला की त्यात दोन ठोके वेगळे ओळखू येतात. लाकडी दांडा धोट्याला फटका मारतो तो एक, आणि फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकून बसवते तो दुसरा. मिनिटाला सुमारे दीडशे वेळा हे घडते. दोन मागांच्या मधल्या वाटेवर माझ्या मीटरने 98 डेसिबल दाखवले. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने घातलेली मर्यादा 90 डेसिबलची आहे. वरचे आठ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण ऊर्जेच्या हिशेबात ती सहा पटींहून अधिक वाढ असते. मी कानांत बोळे घालून उभी होते. मागावरचा कामगार तसाच उघड्या कानांनी आडव्या धाग्याच्या कांड्या बदलत होता, आणि त्याच्याकडे पाहताना मला सारखे बाबा दिसत होते.

आज दिवसभर चोवीस मागांचे थर एकमेकांवर रचून त्यांचे तीनशे केले. ऐकायला दणदणीत झाले आहे, दिग्दर्शकालाही आवडले आहे, पण माझे मन त्याला हो म्हणत नाही. कुठे चुकते आहे ते कळत नाही.

11 जुलै, उशिरा

आज लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन आई-बाबांकडे गेले. याआधीच जायला हवे होते. ज्या माणसाने सोळा वर्षे साचा खात्यात काढली, तो माझ्या घरचाच असताना मी मीटरवरचे आकडे पाहून अंदाज बांधत बसले होते.

बाबा 1966 साली रत्नागिरीहून येऊन गिरणीत लागले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांत तेही होते. पुढे गिरणी चालू झाली, पण त्यांना परत घेतले नाही. तोवर त्यांची श्रवणशक्ती बरीच गेलेली होती. आवाजाने बिघडणारे कान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खचतात. तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा पडतो आणि पुढची वर्षे तो दोन्ही बाजूंनी रुंद होत जातो. आपल्या बोलण्यातले स, श, च, त यांच्यासारखे वर्ण याच भागात आणि त्याच्या वर असतात, तर स्वर खालच्या पट्टीत राहतात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलले हे ऐकू येते, पण काय बोलले ते कळत नाही. आमच्या घरात ‘साखर’ आणि ‘भाकर’ हे दोन शब्द बाबांसाठी एकच होते. आईने साखर मागितली की ते भाकरीची टोपली उचलत. मग आईने आवाज न चढवता एक रीत पाडली : बोलण्याआधी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने, आणि शब्द निवडून बोलायची. साखर म्हणायचे सोडून ती ‘गोडाचा डबा’ म्हणू लागली. ती शाळा फारशी शिकलेली नाही, पण कोणता वर्ण बाबांपर्यंत पोहोचतो आणि कोणता वाटेतच गळतो याचे तिचे ज्ञान माझ्या सगळ्या फिल्टरांपेक्षा नेमके होते. मीही बोलायला तशीच शिकले. लोक मला विचारतात की या व्यवसायात कशी आलीस, तेव्हा मी संस्थेचे आणि पहिल्या कामाचे नाव सांगते. खरे उत्तर ते स्वयंपाकघर आहे.

गिरणी सुटल्यावर बाबांनी एका गोदामावर रात्रीची पहारेकऱ्याची नोकरी केली. ऐकू कमी येते हे त्यांनी तिथे कुणाला सांगितले नव्हते. खुर्चीची पाठ लोखंडी फाटकाला टेकवून ते बसत, म्हणजे बाहेरून कोणी फाटक वाजवले की पाठीला कळे. ही गोष्ट मला फार उशिरा, आईकडून समजली.

आज मी स्पीकर जेवणाच्या लाकडी टेबलावर ठेवले आणि माझे तीनशे साचे सुरू केले. बाबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले, कारण मोठ्या आवाजात ते नुसते किंचाळते, आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. डोळे मिटून मिनिटभर बसले. मग मान हलवून म्हणाले, “खटखट आयकू येता गो बाय हेच्यात. आमच्या खात्यात खटखट नाय यायची. तो पाऊस होता, पाऊस.”

मी त्यांच्यासमोर वळून विचारले, “पाऊस म्हणजे कसा, बाबा?”

त्यांनी हातांनी सांगितले, जसे खात्यात एकमेकांशी बोलत तसे. दोन्ही हातांची बोटे वरून खाली, संथ, अखंड. शेकडो साचे एकाच छपराखाली चालू असले की ठोका म्हणून काही उरतच नाही, ठोक्यांची धार लागते. धागा तुटू नये म्हणून खात्यात हवा ओलसर ठेवत आणि खिडक्या बंद असत, त्यामुळे त्या धारेला बाहेर जायला वाटही नसे. माझी चूक तिथेच होती. मी प्रत्येक थरातला ठोका हौसेने स्वच्छ ठेवला होता, कारण तो मी जवळून, प्रेमाने टिपलेला होता.

पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. त्यांच्याकडे दोन साचे होते. आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली की साचा आपोआप थांबतो, आणि थांबलेला साचा म्हणजे बुडालेली मजुरी. त्या धारेत पाठीमागचा साचा थांबला तर ते त्यांना लगेच कळत असे. मी विचारले, कसे? त्यांनी पायाकडे बोट केले. आपल्या दोन साच्यांचा धक्का जमिनीतून तळपायाला लागत असे, आणि त्यातला एक कमी झाला की, त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, “पायाखालसून कोणीतरी उठून गेल्यागत” होई. इतकी वर्षे आवाजावर काम करूनही कुणाचे ऐकणे असे असू शकते हे माझ्या लक्षात आले नव्हते. शेकडो आवाजांच्या आत राहून, आपला एक आवाज नाहीसा झाला एवढेच काय ते ऐकायचे, आणि पाळी संपेपर्यंत ऐकत राहायचे.

मी कॉन्टॅक्ट मायक्रोफोनचे मुद्रण काढले, त्यातली खालची पट्टी तेवढी ठेवली आणि दोन मागांचे धक्के पावसाच्या खाली घातले. तळवे पुन्हा टेबलावर आले. साधारण विसाव्या सेकंदाला मी एक धक्का बंद केला. माझ्या कानांना फरक जेमतेम जाणवला. बाबांनी डोळे न उघडता डावा खांदा मागे वळवला.

आई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “घरी आल्यावर रात्रीसुद्धा असेच वळायचे, झोपेत.”

मग तिनेच ते दुसरे सांगितले. सुरुवातीच्या वर्षांत पाळीवरून आल्यावर बाबांना संध्याकाळभर कमी ऐकू येई आणि सकाळपर्यंत कान पुन्हा उघडत. मोठ्या आवाजानंतर कान असे तात्पुरते बधिर होतात आणि विश्रांतीने सावरतात. रोजच तसे घडत राहिले की सावरणे दर वेळी थोडे अपुरे राहते. आईला हे कोण सांगणार? नवे लग्न झालेले, आणि नवरा हाकेला ओ देत नाही, म्हणून तिला वाटे की याला आपण आवडलो नाही. सहा-सात महिने ती हे मनात धरून होती. आज एवढ्या वर्षांनी हे बोलताना ती हसली, पण माझ्याने हसवले नाही.

14 जुलै

पाऊस झाला आहे. तीनशे थरांपैकी बहुतेकांचे ठोके मी बोथट केले, छपराचा घुमारा वाढवला आणि आवाजाची पातळी उलट खाली आणली. थिएटरमध्ये शंभर डेसिबल वाजवता येतात, पण मिश्रण आम्ही 85 डेसिबलच्या प्रमाण पातळीवर बसून करतो, आणि साचा खात्याचा खरा आवाज प्रेक्षकाच्या कानांवर पाच मिनिटे ओतणे मला योग्य वाटत नाही. तो किती मोठा होता हे मला त्याच्या नंतरच्या दृश्यात सांगायचे आहे.

नंतरचे दृश्य घरातले आहे. कामगार पाळीवरून येतो, बायको स्टोव्हशी पाठमोरी बसलेली असते आणि काहीतरी विचारते. दोन वाक्ये आहेत. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की दोन्ही स्पष्ट ऐकू यायला हवीत, कारण लेखकाने ती विचारपूर्वक लिहिली आहेत. त्यांचे म्हणणे मला समजते, आणि संवाद गमावण्याची भीती कोणत्याही दिग्दर्शकाला असणारच. तरी मी पहिल्या वाक्यातून 2000 हर्ट्झच्या वरचे जवळजवळ सगळे काढून टाकले आहे. त्यात स्वर आहेत, लय आहे, बाईचा दमलेला सूर आहे, पण शब्द नाही. स्टोव्हची फरफर, नळाची धार, बाहेर खेळणारी पोरे, सगळ्यांचीच वरची कड काढली आहे, आणि खाली, अगदी तळाशी, दोन साच्यांचा धक्का अजून चालू ठेवला आहे. तो हळूहळू विरतो. मग ती बाई वळते आणि तिचा चेहरा उजेडात येतो. सुदैवाने छायाचित्रणकाराने तो तसाच घेतला आहे. तिथून दुसरे वाक्य सुरू होते, आणि ते पूर्ण स्पष्ट ठेवले आहे.

उद्या सकाळी दहाला हे दिग्दर्शकाला ऐकवायचे आहे. साडेनऊपर्यंत आईला घेऊन येते म्हणून स्टुडिओत सांगून ठेवले आहे.