शटरची स्प्रिंग

आज सकाळी लालबागच्या दुकानाचं शटर उघडायला गेले, अर्ध्यावर आलं आणि वरून धाडकन आवाज, त्यानंतर इतकं जड झालं की मी आणि शेजारचे काका मिळूनसुद्धा हलेना. स्प्रिंग तुटली होती.

पहिल्या शटरवाल्याने फोनवरच, न बघता, दुरुस्तीचे ९,००० सांगितले. राग आला खूप. मग काकांच्या ओळखीतले दुसरे शटरवाले आले, कव्हर काढून दाखवलं, पाइपवर ३ स्प्रिंगा, मधली तुटलेली आणि बाकीच्या दोन्ही गंजून लाल, मुंबईची दमट हवा आणि पावसाचं पाणी, दुसरं काय. म्हटलं एकच बदला ना, तर म्हणाले ताई, या दोन पण सहा महिन्यांत जातील, परत मजुरी द्याल. पटलं मला, कारण शटरचं वजन या स्प्रिंगा, म्हणजे गुंडाळलेल्या पट्ट्याच तोलतात, आपण नुसता हात लावतो. ३ स्प्रिंगा, ग्रीस, मजुरी धरून ४,२०० झाले.

मजुरीत घासाघीस करावीशीच वाटली नाही. घोडीवर उभं राहून पान्याने पाइप फिरवत ताण भरत होते, तो पाना हातातून सुटला तर हात मोडतो माणसाचा. प्लीज हे काम कोणी घरच्या घरी करू नका.

बाबा दर दिवाळीआधी शटरला ग्रीस लावायचे. ते गेल्यापासून ३ वर्षं कोणी लावलंच नव्हतं. आज येताना ग्रीसचा डबा घेतला, काउंटरखाली त्यांच्या जागेवरच ठेवलाय.