कोरा चहा, लिंबू पिळून

परवा दुपारी चारला चहाचं आधण ठेवलं, फ्रीज उघडला तर दूध नाही. म्हणजे पिशवी होती, पण तिच्यात विरजणापुरतंही दूध नव्हतं, आणि रिकामी पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवायची सवय आमच्या घरात कुणाला आहे ते मी इथे लिहीत नाही कारण ते हे वाचतात. खाली जाऊन आणायचं तर एप्रिलचं पुण्यातलं ऊन. म्हटलं जाऊ दे, लिंबू आहे.

तशीही आमची डॉक्टरीणबाई मागे लागलीच आहे, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, हिमोग्लोबिन बघा किती आलंय. चहातलं टॅनिन म्हणे अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व उलट त्याला मदत करतं. म्हणजे चहाने घालवायचं आणि लिंबाने थोडंफार भरून काढायचं, असा तो हिशेब. गोळ्या मात्र चालूच आहेत.

आता लिंबाचा चहा यात करायचं काय, असं वाटतं, पण मी बरेच जणांकडे तो कडूजार प्यायलेय. लोक दुधाच्या चहासारखी पावडर खळाखळा उकळतात आणि वर त्याच पातेल्यात लिंबू पिळतात, कधी तर सालच टाकून देतात. तसं नाही करायचं. दीड कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून आणि गवती चहाची दोन पाती टाकून पाण्याला चांगला रंग येईपर्यंत उकळायचं, मग गॅस बंद, मग अर्धा चमचा चहा, शक्यतो पत्तीचा, डस्ट नको, वर झाकण, दोनच मिनिटं. गाळून घ्यायचा आणि लिंबू शेवटी, कपात, बिया बोटांत अडवून. चिमूटभर पादेलोण. गोड हवाच असेल तर गूळ, इथे दूध फाटायची भीती नाही हा या चहाचा एकच मोठा फायदा. आणि हे सगळं स्टीलच्या भांड्यात. आजी असती तर तिने आधी तेच विचारलं असतं, कारण पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असली की आंबट कळकतं, आणि आमच्याकडच्या पातेल्याची कल्हई कायम गेलेलीच असायची.

गवती चहाची पाती आजी कधी कापायची नाही. साताऱ्याच्या घरी मागच्या बाजूला मोरीचं पाणी जायचं तिथे हे मोठ्ठं बेट होतं, तिथून मला तोडून आणायला लावायची (त्या पात्यांच्या कडांनी बोटं कापतात आणि ते कापलेलं लगेच कळतच नाही, लिंबू पिळायला गेलं की कळतं), मग दोन पाती एकत्र घेऊन त्यांची सैलशी गाठ मारायची आणि ती गाठ पाण्यात सोडायची. का, तर गाळताना एका चमच्याने उचलता येते. मी अजून गाठच मारते. लिंबाच्या सालीला आणि या गवताला जो वास येतो तो एकाच द्रव्याचा असतो, सिट्रल, हे कॉलेजात कळलं तेव्हा पहिल्यांदा केमिस्ट्रीबद्दल बरं वाटलं होतं.

तर लिंबू पिळलं, आणि तो रंग बदलला. हे मला दर वेळी बघायचंच असतं. काळपट तपकिरी चहा, लिंबाचं पहिलं थेंब पडतं तिथून फिका व्हायला लागतो आणि बघता बघता कप मधासारखा दिसायला लागतो. आंबटाने चहाचा रंग उतरतो, एवढंच आहे ते, पण मी सात वर्षांची असताना हे पहिल्यांदा बघितलं आणि मला वाटलं आई जादू करतेय.

बाबांचे साहेब आले होते मुंबईहून, बरोबर त्यांच्या मिसेस. फुलाफुलांचे कप कपाटातून काढलेले. मी स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणाली, दूध नासलंय, बाहेर बोलू नकोस. आमच्याकडे कोरा चहा म्हणजे कुणाला ताप नाहीतर कुणाचं सुतक, तो पाहुण्यांना द्यायचा म्हणजे काय. तर तिने कपात लिंबू पिळलं, ट्रे घेऊन बाहेर गेली आणि शांतपणे म्हणाली, आमच्याकडे दुपारचा असाच असतो, याने पित्त होत नाही. (रिकाम्या पोटी घेऊन बघा, चांगलं होतं.) त्या मिसेस म्हणाल्या, अय्या, लेमन टी! तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे कितीतरी वर्षं मी शाळेत, आणि खोटं कशाला बोलू, सासरीसुद्धा, आमच्याकडे लेमन टी करतात हो, असं सांगत आलेय.

संध्याकाळी मी रुसले होते तेही आठवतं. दूध नासलं की आई ते साखर घालून आटवायची, ते खरवडून खायला मिळायचं, आणि त्या दिवशी ते मिळालंच नाही.

नंतर कोलकात्याला गेले होते तेव्हा रस्त्यावर लेबू चा प्यायले, मातीच्या एवढ्याशा भांड्यात, काळं मीठ आणि कसलातरी मसाला मारून, एका घोटात संपतो. तिथे कुणी कुणाला पित्ताची कारणं देत नव्हतं. लागोपाठ तीन प्यायले.

असो. परवा कप घेऊन बसले आणि आईला फोन लावला. म्हटलं, अगं, लेमन टी पितेय. ते बाबांचे साहेब आले होते आठवतं का, दूध नासलं होतं बघ.

"नासायला दूध होतं कुठे," आई म्हणाली.

मी गप्प.

"गवळ्याचे दोन महिने थकले होते. रतीबच बंद होता. पोरांना काय सांगायचं मग, नासलं म्हटलं."

मला पुढे काय बोलावं सुचेना, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नसावं, कारण लगेच म्हणाली, "लिंबं कशी मिळतायत गं तुमच्याकडे?"

"दहाला दोन."

"महागच म्हणायची. बारकी आहेत का?"

बारकीच होती.