दोनदा गळायची खोड

ऑक्टोबर आला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोंगर पेटतात. भाची अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला असते. तिथले मेपल लाल झाले की रोज पंधरा-वीस फोटो. इकडे मी पंख्याखाली बसून, मानेवरचा घाम पुसत ते बघते आणि अंगठा उमटवते.

रंगांची सुट्टी आधीच ठरवून ठेवावी लागते म्हणे. हॉटेलं दोन-दोन महिने आधी भरतात आणि रंग मात्र त्या शनिवार-रविवारी येतीलच याची हमी कोणी देत नाही. एका वर्षी बिचारी चार तास गाडी हाकत गेली आणि डोंगर पाहते तर चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचे. फोनवर म्हणाली, "मावशी, उन्हाळा फार कोरडा गेला गं. अर्धी पानं रंगायच्या आधीच गळली."

तेव्हापासून मी या रंगांमागचं प्रकरण वाचायला लागले. निवृत्त माणसाला विषय लागतोच. दिवस लहान होऊ लागले की झाड काटकसरीला लागतं. पानातला नायट्रोजन काढून खोडाफांद्यांत परत घेतं, त्यात हिरवा रंगही मोडीत निघतो. पिवळा मुळात पानातच असतो, वर्षभर हिरव्याखाली दबलेला. म्हणून तो सहसा दगा देत नाही. लाल मात्र ऐनवेळी नव्याने तयार करावा लागतो, आणि त्याचे नखरे फार. देठाशी बुचासारखा थर धरू लागतो, पानातली साखर आतच अडकते. वर दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा हवा. गारवाही बेताचाच. लवकर हिम पडलं तर पान तपकिरी होऊन मोकळं. आभाळ दाटून राहिलं तर लाल फिका. मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या अटी असायच्या, त्यातला प्रकार.

आता आपल्याकडे. 'ऑटम'चं मराठी कोणीतरी 'शरद' करून ठेवलंय आणि आपण तेच गिरवतो. शरदात पुण्यात काय गळतं? कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध असतं आणि खाली झाडं पावसाचं पाणी पिऊन टम्म हिरवी. आपली पानगळ शिशिराची, फाल्गुनापर्यंत रेंगाळणारी. तिचं कारणही थंडीपेक्षा पाण्याचं. पाऊस संपून तीन-चार महिने झाले, टेकडीवरची माती कोरडी पडली की झाड पानांचा खर्च बंद करतं. वेताळ टेकडीवरचं गिरिपुष्प तेव्हा एकही पान न ठेवता गुलाबी फुलं अंगभर घेऊन उभं असतं.

थंडी अगदीच नाही असं नाही. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. १९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून आजही रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' सांगितलं की पुरतं. म्हणजे पुण्यात सिमला आहे, फक्त मेपल नाही.

पण आमच्या पार्किंगमध्ये जंगली बदाम आहे. जानेवारीत सकाळी स्वेटर लागायला लागला की त्याची पानं रंगायला लागतात, आणि तीही एकेक करून. त्याच फांदीवर एक हिरवं, एक पिवळं, एक तांबूस, आणि एखादं असं लाल की नऊवारीच्या काठाची आठवण यावी. डोंगरच्या डोंगर पेटणं त्याच्या स्वभावात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी त्याच्यावर ठराव येतो, कारण त्याची ताटाएवढी पानं पन्हाळीत अडकतात. झाडणाऱ्या मावशी तर त्याच्यावर कायमच्या रागावलेल्या. "याला वर्षातनं दोनदा गळायची खोड हाय," म्हणतात. खरंच आहे ते, हे झाड दोनदाही गळतं.

आणि बदाम बोडका होतो न होतो, तोवर रस्त्यापलीकडच्या पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी. घाटात कुसुंब तर असा लाल होतो की फुलला असं वाटावं. जवळ गेलं की कळतं, ही नवी पानं. लाल रंग त्याच जातीचा, मेपलच्या पानातला. कोवळ्या पानाला उन्हाचा आडोसा म्हणून झाड तो वापरतं, असं म्हणतात. तिकडे जाणाऱ्या पानाला नटवतात, इकडे बाळाला टोपडं घालतात.

गेल्या जानेवारीत एक लाल पान माझ्या स्कूटरच्या सीटवर पडलेलं मिळालं. दव होतं त्यावर. फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. पाच मिनिटांत भाचीचं उत्तर : "वॉव! कुठे गेला होतात??"

मी लिहिलं, "पार्किंगमध्ये."