घुमट नंबर चार: एकदाचा बसला!

बसला! काल रात्री पावणेबाराला चौथ्या प्रयत्नातला कागदी घुमट ड्रमवर, म्हणजे त्याच्या खालच्या अष्टकोनी बैठकीवर, ठेवला आणि आठही कोपरे जागच्या जागी आले. दाबावं लागलं नाही, ओढावं लागलं नाही, नुसता टेकवला.

तिसऱ्या घुमटापाशी अडकल्यापासून मी गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: सीएसएमटीच्या मधल्या घुमटाचं कागदी मॉडेल, स्केल १:२००, किट नाही, सगळे पार्ट स्वतः काढलेले. कॅननची फुकटची कागदी मॉडेलची किटं करून हात बसला होता. पण किटात हिशोब कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो, आपण फक्त कापतो आणि चिकटवतो. स्वतः पार्ट काढायला बसलं की त्या माणसाने किती डोकं लावलंय ते कळतं.

दुखणं असं होतं. ड्रम अष्टकोनी, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ६० मिमी, जाड बोर्डावर पट्टीने आखून कापलेला. त्यावर आठ पाकळ्यांचा घुमट. आकार सध्या साधा अर्धगोल धरलाय, खरी चढण नंतर फोटोंवरून काढणार. पाकळ्या एकमेकींना नीट जुळत होत्या, पण घुमट ड्रमवर ठेवला की सगळीकडून ड्रमची कड बाहेर डोकावायची, पायरीच दिसायची. कडेपर्यंत ओढून चिकटवला तर शेवटची शिवण फाकायची. आणि माथा गोल येण्याऐवजी लिंबाच्या टोकासारखा निघायचा.

पहिला संशय कापण्यावर. ओल्फाच्या कटरला ३० अंशांचं नवं ब्लेड लावलं. कड सुरेख निघाली, पायरी तशीच. (हे ब्लेड एकदा वापरलं की बाकीची बोथट वाटतात. स्टीलची पट्टी आणि हे ब्लेड, सुरुवातीला एवढ्या दोनच गोष्टींवर पैसे घाला.)

दुसरा संशय प्रिंटवर. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढले होते. त्याने न विचारता ‘फिट टू पेज’ लावलं आणि कार्डही चकचकीत कोटेड दिलं, ज्यावर फेविकॉल धरतच नाही. शीटवर छापलेली १०० मिमीची रेघ मोजली, तर ९७ भरली. वाटलं, सापडला चोर! अब्दुल रहमान स्ट्रीटवरून २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) साधं मॅट कार्ड आणलं आणि दुसरीकडून पूर्ण साइझला प्रिंट काढले. रेघ बरोबर १०० भरली. पायरी अडीच मिमीवरून दीडवर आली आणि तिथेच थांबली. तरी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात ती रेघ छापाच. माझा एक आख्खा रविवार तिने वाचवला असता.

तिसरा संशय पावसावर, आणि जुलैच्या मुंबईत कागदावर संशय घेणं रास्तच आहे. दमट हवेत कार्ड ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने जास्त फुगतं. म्हणून शीट्स दोन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या. पाकळ्याही फिरवून मांडल्या. ए४ कार्डात ग्रेन बहुधा लांब बाजूने जातो, म्हणून पाकळीची रुंदी त्या दिशेला घेतली. याचा फायदा मोठा झाला: तळहातावर पाकळी ठेवून वरून पेन्सिल फिरवली की एकही सुरकुती न पडता बाक येतो. पण पायरी? दीड मिमी.

परवा ऑफिसातून भिजत आलो आणि छत्री पॅसेजमध्ये उघडी टाकली. आई म्हणाली, “अरे, मीट ती आधी, कोणाचा तरी पाय पडेल.” मिटायला वाकलो आणि तसाच थांबलो. आठ काड्या. दोन काड्यांमधलं कापड ताणलेलं, सरळ. टेप आणून दांड्यापासून काडीच्या टोकापर्यंत मोजलं, मग दांड्यापासून कापडाच्या कडेच्या मध्यापर्यंत. दुसरं अंतर कमी!

मी पाकळीची रुंदी काढताना वर्तुळाचा परीघ भागिले आठ केला होता. ३० मिमी त्रिज्येला ती २३.६ मिमी येते. हे गोल घुमटाचं गणित, आणि आपला घुमट अष्टकोनी. केंद्रापासून सपाट बाजूच्या मध्यापर्यंत ३० मिमी असेल, तर बाजू येते ३० गुणिले ०.८२८, म्हणजे २४.८५ मिमी. (०.८२८ म्हणजे साडेबावीस अंशांच्या टॅनची दुप्पट.) एका पाकळीत सव्वा मिमीचा फरक, आठांत मिळून दहा. फाकणारी शिवण नेमकी एवढीच होती. लिंबाचं टोकही त्यातूनच: पाकळीची लांबी बरोबर, रुंदी कमी, मग माथा वर उचलला जाणारच.

नव्या पाकळीची मापं देतो. दर ७.८५ मिमी उंचीवर, तळापासून: २४.८५, २४, २१.५, १७.६, १२.४, ६.४ आणि टोकाला शून्य. हे अंतर कागद सपाट असताना, पाकळीवरूनच मोजायचं.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. गोल घुमट कागदात कधीच खरा होत नाही, कितीही पाकळ्या केल्या तरी तो जवळपासचाच राहतो. अष्टकोनी घुमटाची पाकळी मात्र फक्त वरून खाली वाकते, आडवी सरळच असते. स्टेशनचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी दगडात बांधलेला हा आकार कागदात तंतोतंत उतरतो. त्यातून कोपऱ्यांवर दगडी बरगड्या आहेत, म्हणजे आठही शिवणी एकेक मिमीच्या पट्टीखाली झाकल्या जाणार!

टॅब, म्हणजे चिकटवायला ठेवतात त्या जादा कडा, मी सोडून दिलेत. पाकळ्या कडेला कड लावून जोडल्या आणि आतून पातळ कागदाची पट्टी लावली. फेविकॉल बाटलीच्या झाकणात काढून दहा मिनिटं घट्ट होऊ द्यायचा, मग टूथपिकने. पातळ लावला तर कार्ड पाणी पितं आणि बाक बिघडतो.

हे लिहिताना आणखी एक सुचतंय. आकाशकंदिलाला जसा आधी काड्यांचा सांगाडा करतात, तसा आत ३०० जीएसएमच्या अष्टकोनी चकत्यांचा सांगाडा केला, तर घुमट पावसाळाभर आकार धरून राहील. आणि सांगाडा करायचाच, तर १:२०० कशाला? १:१०० ला फक्त ड्रम आणि घुमट केला, तर खालच्या खिडक्यांच्या कमानी थरांत कापता येतील. शिल्पकार थॉमस अर्पने घडवलेली वरची प्रगतीची मूर्तीही जमेल. आत्ताच्या स्केलला ती बोटाच्या पेराएवढी येते, त्यात उजव्या हातातली मशाल आणि डाव्या हाताचं चाक कापायचं कसं? दुप्पट झाली तर चार-पाच थर एकावर एक चिकटवून करून बघता येईल. म्हणजे संपूर्ण स्टेशनचा बेत तूर्त बाजूला. विंगांच्या छापलेल्या शीट्स डब्यातच राहू देत.

शनिवारी सकाळी महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभा राहून ड्रमच्या खिडक्या नीट बघणार आहे. कोणाकडे घुमटाचा लांबून, सरळ समोरून काढलेला फोटो असेल तर पाठवा. पायथ्याशी उभं राहून काढलेल्या फोटोत चढण बसकी दिसते, तिच्यावरून पाकळी काढता येत नाही.